घरगुती निवड समितीचा अहवाल

रविवारी सकाळी अर्धी दाढी झालेली असताना शिक्कामास्तरांच्या मनात आलं, की बायकोच्या मुलाखतीची घरीच एक रंगीत तालीम घ्यावी. उरलेली अर्धी दाढी त्यांनी शांतपणे केली असती, तर तो विचार साबणाबरोबर वाहूनही गेला असता. पण आलेली गोष्ट स्वतःजवळ ठेवणं त्यांच्या स्वभावात नाही. (आली की नोंदवायची आणि पुढे पाठवायची, हा बावीस वर्षांचा धंदा!) एका गालावर फेस तसाच ठेवून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, बुधवारच्या आधी तुझी एक मुलाखत मी घेणार."

"आधी उरलेला गाल उरका," बायको म्हणाली.

शिक्कामास्तर हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका मोठ्या कचेरीत आवक-जावक कारकून होते. कागद आला की त्यावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत नोंद करायची आणि ज्या त्या फायलीत लावून टाकायचा. कागदात काय लिहिलंय ते वाचायचं नाही. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक कागद वाचला होता, तेव्हा हेडक्लार्क म्हणाले होते, "वाचणारे वरच्या मजल्यावर बसतात." तेव्हापासून त्यांनी वरच्या मजल्याच्या कामात कधी लुडबुड केली नाही. संध्याकाळी घरी जाताना टेबलावर एकही कागद उरता कामा नये, हे त्यांचं ब्रीद. ते त्यांनी घरीही चालवलं होतं. विजेचं बिल, मुलीचं प्रगतिपुस्तक, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळ्याला नंबर. एकदा पाहुण्यांनी टेबलावर विसरलेलं लग्नाचं आमंत्रणही त्यांनी 'घरदुरुस्ती' या फायलीत लावलं होतं.

बायकोची गोष्ट मात्र गमतीची नव्हती. लग्नाआधी आणि नंतरही मिळून सहा वर्षं तिने एका मोठ्या हॉटेलच्या चादरी-टॉवेलांच्या खोलीत काम केलं होतं. हाताखाली नऊ माणसं होती. मुलगी झाली तेव्हा एक वर्षाची सुट्टी म्हणून जी घरी आली, ती अकरा वर्षं घरीच राहिली. आता मुलगी मोठी झाली होती. गेल्या वर्षभरात बायकोने दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्हीकडून साधं 'नाही' म्हणून उत्तरही आलं नाही. तिसरा अर्ज गावातल्या मोठ्या इस्पितळात, धुलाई विभागाच्या सुपरवायझरच्या जागेसाठी. तिथून मात्र बोलावणं आलं. ते पत्र तिने साखरेच्या डब्याखाली ठेवलं होतं आणि त्या आठवड्यात घरात चहा फार वेळा होत होता. शिक्कामास्तरांच्या ते लक्षात आलं होतं. तिला ती नोकरी मिळावी असं त्यांना मनापासून, अगदी पोटातून वाटत होतं. माणसाला एखादी गोष्ट इतकी मनापासून वाटली की तो मदत करायला निघतो, आणि तिथेच घात होतो.

समितीला तीन माणसं हवीत. अध्यक्ष ते स्वतः. दुसरी त्यांची आई, कारण ती घरातच होती. तिसरे वरच्या मजल्यावरचे चेकरकाका. काका निवृत्त बसचेकर. तीस वर्षं त्यांनी प्रत्येक माणसाकडे, हा विनातिकीट असणार, अशाच नजरेने पाहिलं होतं, आणि निवृत्तीनंतर ती नजर परत जमा करायची राहून गेली होती.

स्वयंपाकघरातलं टेबल बाहेरच्या खोलीत आलं. टेबलामागे तीन खुर्च्या, समोर उमेदवारासाठी एक स्टूल. अभिप्रायासाठी कोरे कागद. उमेदवाराला जिन्यात उभं करण्यात आलं.

"आत येऊ का?" जिन्यातून आवाज आला.

"थांबा!" अध्यक्ष म्हणाले. (त्यांचं पेन सापडत नव्हतं. ते कानावर होतं.)

"लवकर बोलवा, मी दूध गॅसवर ठेवून आलेय."

"उमेदवाराने दुधाचा विषय काढू नये. या. बसा."

बायको स्टुलावर बसली. पहिला प्रश्न चेकरकाकांनी केला. "ओळखीचा पुरावा?"

"काका, तुमच्या घराची दुसरी किल्ली माझ्याकडे असते."

"ते झालं. पुरावा काय?"

अध्यक्षांनी घसा साफ केला. "आपल्या अनुभवात अकरा वर्षांचं खिंडार दिसतं. या काळात आपण काय करत होता?"

"तुमच्याशी संसार."

"तो अनुभव धरता येत नाही."

"का धरता येत नाही?" आई म्हणाली. "मी अध्यक्ष असते तर दुप्पट धरला असता."

"आई, तू समितीत आहेस. समितीने आपसांत भांडायचं नसतं."

"बरं. मग मी विचारते." आईने पदर सावरला. "आयुष्यातली आपली सर्वांत मोठी चूक कोणती?"

बायकोने अध्यक्षांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"पुढचा प्रश्न!" अध्यक्ष घाईघाईने म्हणाले.

पुढचा प्रश्नही आईचाच होता आणि तो अध्यक्षांनी काढलेल्या यादीत नव्हता. "दुपारी माझ्या डोळ्यांत थेंब कोण घालणार?"

बायको म्हणाली, "आई, सकाळचे मी घालून जाईन, संध्याकाळचे आल्यावर घालीन."

"मी दुपारचं विचारलं."

बायकोचे डोळे भरून आले, आणि नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरातून फुस्स असा आवाज आला. ती उठायला गेली.

"बसा! मुलाखत संपेपर्यंत उमेदवाराला उठता येत नाही," अध्यक्ष म्हणाले. नियम म्हणजे नियम. दूध उतू गेलं.

मग समितीने अभिप्राय लिहिले. चेकरकाकांनी एक ओळ लिहिली आणि ते कागद पालथा घालून वर निघून गेले. आई चष्मा लावून कितीतरी वेळ लिहीत होती. तिला दुसरा कागद द्यावा लागला. अध्यक्षांनी सवयीप्रमाणे दोघांचंही वाचलं नाही. तोंडावरून अंदाज बांधला आणि वरच्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'सदर उमेदवाराची शिफारस करता येत नाही. अकरा वर्षांचा खुलासा असमाधानकारक.' खाली सही, तारीख आणि शिक्का. (शिक्का घरचा होता. त्यावर 'पोहोचले' एवढंच होतं.)

बायकोने मागून वाकून वाचलं.

"तुम्ही मला नापास केलंत?"

"मी नाही गं, समितीने."

"समिती म्हणजे कोण?"

"म्हणजे... मीच, पण अध्यक्ष म्हणून. मुद्दाम कडक धरलं. घरी रडलेलं बरं, म्हणजे तिकडे रडू येत नाही."

बायकोने गॅस पुसला, टेबल एकटीने ओढत आत नेलं. तो दिवस आणि पुढचा सबंध दिवस घरात 'जेवण वाढलंय' याच्यापलीकडे संभाषण झालं नाही. आपण जरा जास्तच अध्यक्ष झालो, असं शिक्कामास्तरांना वाटू लागलं. म्हणून मंगळवारी संध्याकाळी त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तिची फाईल लावून द्यायला घेतली. दाखले, हॉटेलचं प्रशस्तिपत्र, पत्राची नक्कल. रेडिओवर बातम्या चालू होत्या, कान तिकडे होते, हात आपले आपण काम करत होते. भोक पाडलं, दोरी ओवली, पानांना नंबर घातले, खिशातल्या डायरीत नोंद केली. टेबलावर एकही कागद उरला नाही.

बुधवारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि बायकोबरोबर इस्पितळात गेले. लांबलचक व्हरांडा, फिनेलचा वास, भिंतीला लागून हिरवे बाक. बाकावर आणखी पाच उमेदवार होत्या. एकीकडे कातडी बॅग होती, दुसरी डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. बायकोने कपड्यांना इतकी कडक इस्त्री केली होती की बसताना आवाज आला. फाईल मात्र तिने तीनदा या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. शिक्कामास्तरांना एकदम भरून आलं.

"घाबरू नकोस," ते म्हणाले. "चिठ्ठीवर लिहून दिलेलं उत्तर पाठ आहे ना? 'सदर काळात कौटुंबिक जबाबदाऱ्यांचे निर्वहन केले.'"

"ते बोलताना मला सदर वाटायला लागतं," ती म्हणाली. रविवारनंतरचं तिचं हे पहिलं लांब वाक्य होतं. तेवढ्यात तिचा पुकारा झाला आणि ती आत गेली.

शिक्कामास्तरांनी डायरी काढली. 'उमेदवार आत, ११ वाजून २० मिनिटे,' असं लिहायला त्यांनी पान उघडलं आणि वरची नोंद नजरेला पडली. स्वतःचंच टपोरं अक्षर : 'मुलाखत फाईल. पाने १ ते १०, दाखले. पाने ११ ते १४, निवड समिती अहवाल.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. काहीतरी चुकून लिहिलं गेलं असेल, अशी आशा माणूस करतो. पण बावीस वर्षांत शिक्कामास्तरांची नोंद एकदाही चुकली नव्हती. जे वहीत तेच फायलीत. आयुष्यात प्रथमच त्यांना आपण थोडं कामचुकार असायला हवं होतं असं वाटलं.

दाराला काच होती. त्यांनी धावत जाऊन काचेला नाक लावलं. आत टेबलामागे तिघे होते : चष्मा कपाळावर चढवलेले अधीक्षक, एक स्थूल, करड्या केसांच्या मेट्रनबाई, आणि कोपऱ्यात लिहीत बसलेले एक साहेब. मेट्रनबाई फाईल चाळत होत्या. सात. आठ. नऊ.

शिक्कामास्तरांनी दाराची मूठ धरली. शिपायाने त्यांचा दंड धरला.

"ओ, कुठे? तुमचा नंबर काय?"

"मला आत जाऊ द्या! मी... मी निवड समितीचा अध्यक्ष आहे!"

हे काही खोटं नव्हतं. शिपायाने दंड सोडला, टोपी सरळ केली आणि दार सताड उघडून दिलं.

आत सगळ्यांनी मान वर केली. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. मेट्रनबाईंच्या हातात एक पान होतं आणि त्यावरचा 'पोहोचले' दारातूनसुद्धा वाचता येत होता.

"आपण कोण?" अधीक्षकांनी विचारलं.

"मी पान अकरा," शिक्कामास्तर म्हणाले.

अधीक्षकांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पान पाहिलं, माणूस पाहिला. "म्हणजे ही सही तुमची? आणि या तुमच्या कोण?"

"पत्नी."

"आणि यांची शिफारस करता येत नाही?"

"हो. म्हणजे नाही. म्हणजे येते! ती तालमीपुरती करता येत नव्हती. साहेब, सगळी चूक माझी आहे. हिचा काहीएक संबंध नाही. ही हुशार आहे, मी कारकून आहे. कागद दिसला की मी लावतो. हा आपण काढून टाका, हवं तर मला बाहेर काढा, पण हिला विचारायचं ते विचारा." एवढं एका दमात बोलून ते थांबले. त्यांच्या कचेरीतल्या नोकरीत ते इतकं सलग कधी बोलले नव्हते.

कोपऱ्यातल्या साहेबांनी खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं. अधीक्षकांचा चेहरा मात्र हलला नाही. ते बायकोकडे वळले. "तुमच्या अध्यक्षांनी हरकत घेतली आहे ती बरोबरच आहे. आम्हीही तेच विचारणार होतो. अकरा वर्षं काय केलंत?"

बायकोने तोंड उघडलं. 'सदर' ओठांपर्यंत आलं असावं, पण बाहेर पडलं नाही.

"थांबा," मेट्रनबाई म्हणाल्या. त्या पुढची पानं वाचत होत्या. "पान बारा. 'पुरावा अपुरा. तथापि विनातिकीट नाही.' हे कोण?"

"शेजारी," शिक्कामास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

"आणि पान तेरा?"

"आमची आई. पण तिचं मी वाचलेलं नाही."

"मग ऐका." मेट्रनबाईंनी पान दिव्याकडे धरलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'ह्या बाईला नोकरी देऊ नये. कारणं लिहिते. ही पाचला उठते, गजर लावत नाही. अकरा वर्षांत घरात एकदाही दूध उतू गेलं नाही. आज गेलं, ते माझ्या मुलाने तिला उठू दिलं नाही म्हणून. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा हिने दोन महिने मला रोज पेपर वाचून दाखवला, निधनवार्तांसकट. माझा मुलगा चादरीवर शाई सांडतो, ही डाग ठेवत नाही. माझा मुलगा चांगला आहे, पण त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, पायात असले तरी. घरात काय संपलंय हे हिला डबा न उघडता कळतं. कोण रुसलंय तेही कळतं. मी हिच्याशी तीनदा भांडले. तिन्ही वेळा चूक माझी होती, पण हे कोणाला सांगू नये. असं माणूस घरातून बाहेर गेलं तर आमचं काय होईल? म्हणून देऊ नये.'"

मेट्रनबाईंनी पान उलटलं. चौदाव्या पानावर एकच ओळ होती. "'दिलीत तर संध्याकाळी वेळेवर सोडा.'"

बायको रडत होती. घरी रडून घेतलं की तिकडे रडू येत नाही, हा अध्यक्षांचा सिद्धान्तही असा निकालात निघाला. शिक्कामास्तर पायांतल्या मोज्यांकडे बघत उभे होते.

मेट्रनबाईंनी बायकोला पाण्याचा पेला दिला आणि ती पाणी पीत असतानाच विचारलं, "रक्ताचा डाग?"

"गार पाणी," बायको पटकन म्हणाली. आवाज एकदम बदलला होता. "गरम घातलं की कायमचा बसतो."

"दोनशे चादरी धुवायला गेल्या. एकशे त्र्याण्णव आल्या. काय कराल?"

"ओरडणार नाही. आधी उशांचे अभ्रे आणि दुलयांच्या खोळी उलट्या करून बघेन. चादर सहसा हरवत नाही, दुसऱ्यात शिरून बसते. पाच तिथे सापडतील."

"आणि उरलेल्या दोन?"

बायकोने पेला टेबलावर ठेवला. "राग मानू नका, पण त्या नर्सबाईंच्या खोलीत खिडकीला पडदे म्हणून लावलेल्या असतात."

मेट्रनबाई इतक्या हसल्या की टेबलावरचा पेला हलला. "अहो, परवाच मी स्वतः दोन उतरवल्या!" त्या अधीक्षकांना म्हणाल्या. "मला दुसरं कोणी नको. या हव्यात."

अधीक्षकांनी पेन काढलं आणि पान अकरावर, शिक्कामास्तरांच्या सहीच्या खाली लिहिलं : 'अहवाल पाहिला. अध्यक्षांचे मत अमान्य. मातोश्रींचे निवेदन सर्वस्वी ग्राह्य. नेमणूक करावी.' मग शिक्कामास्तरांकडे पाहून म्हणाले, "अध्यक्ष, आता आपण गेलात तरी चालेल."

घरी येताना बायको रस्त्याने चालत नव्हती, तरंगत होती. सोमवारपासून रुजू व्हायचं होतं. दोनदा ती आपली आपणच हसली, एकदा तिने भर चौकात नवऱ्याचा हात धरला. शिक्कामास्तरांची छाती इतकी फुगली की कोपऱ्यावर पोहोचेपर्यंत त्यांना वाटू लागलं, अहवाल आपण मुद्दामच लावला होता. जिन्यात चेकरकाका भेटले, त्यांना त्यांनी तसं सांगूनही टाकलं.

"पुरावा?" काका म्हणाले.

आई दारातच उभी होती. बायकोने वाकून तिला मिठीच मारली.

"मिळाली वाटतं," आई म्हणाली. "मी तर स्पष्ट लिहिलं होतं, देऊ नये म्हणून. नीट वाचत नाहीत हल्ली."

"आई, दुपारच्या थेंबांचं..."

"ते झालं. रविवारपासून आरशासमोर उभी राहून शिकतेय. दोन डोळ्यांत पडतात, चार गालावर. जमेल." आणि डोळे पुसत, थेंबांचंच निमित्त सांगत, ती आत गेली.

संध्याकाळी बायको रुजू होण्याचा अर्ज भरायला बसली. शिक्कामास्तर मदतीला गेले, तर तिने अर्ज उचलून दुसऱ्या बाजूला घेतला. त्यांनी लांबूनच मान उंच करून पाहिलं. 'संकटकाळी कोणास कळवावे' या रकान्यात तिने सासूबाईंचं नाव लिहिलं होतं.

"अगं," शिक्कामास्तर दुखावून म्हणाले, "नवरा जिवंत असताना तिथे आईचं नाव?"

"संकट आलं तर कळवायचं कोणाला, एवढंच त्यांनी विचारलंय," बायको लिहिता लिहिता म्हणाली. "ते येतं कुठून, असा रकाना पुढे असला, तर तिथे तुमचं लिहिते."